फोन सुस्थितीत आहे

फोन उन्हात ठेवू नका, हे मला चार महिन्यांत पाच वेळा सांगण्यात आलं. दोनदा आमच्या सुपरवायझर निलम मॅडमनी, एकदा तळासरी नाक्यावरच्या मोबाइलवाल्यानं, एकदा हेल्पलाइनवरच्या एका मुलानं, जो मला शेवटपर्यंत सर म्हणत होता, आणि एकदा आमच्या ह्यांनी, विनोदनी, चहा पिता पिता. पाचही वेळा मी एकच उत्तर दिलं. मी अंगणवाडी सेविका आहे, या कामात बावीस वर्षं काढली आहेत, आणि फोन उन्हात ठेवायचा नसतो एवढं मला कळतं.

माझी अंगणवाडी झरी गावाच्या पुढे. डांबर संपून लाल मातीचा रस्ता सुरू होतो, तिथे उजव्या हाताला पाडा लागतो. एक खोली, वर पत्रे, समोर ओटा आणि ओट्यापुढे आंब्याचं झाड. गुजरातची हद्द इतकी जवळ की खिशातला फोन दिवसातून चारदा गुजरातमध्ये जाऊन परत येतो आणि प्रत्येक वेळी स्वागताचा मेसेज दाखवतो. एकोणीस पोरं पटावर. मदतनीस काळीबाय. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, तिला वाचता येत नाही, पण पाड्यातलं कुठलं पोर कुठल्या पावसात जन्मलं ते तिला तोंडपाठ आहे.

फोन ऑफिसचा. दोन वर्षांपूर्वी मिळाला, मागे नंबराचा स्टिकर. आधी त्यावर हजेरी आणि वजन भरायचं, मग उंची आली, मग खाऊची पाकिटं आली. यंदा जानेवारीपासून चेहरा आला. पोराला समोर बसवायचं, चौकटीत त्याचं तोंड धरायचं, त्यानं डोळे मिचकावले की खाली त्याचं नाव आणि हिरवी खूण. हिरवी खूण आली नाही तर पोर गैरहजर, मग ते माझ्याच मांडीवर बसून खिचडी का खात असेना. तीन वर्षांच्या पोराला मिचकव म्हटलं तर ते डोळे गच्च मिटून घेतं आणि उघडतच नाही. ज्यानं हे ॲप बनवलं त्याला एकदा आमच्या ओट्यावर आणून बसवायला हवं, एकोणीस पोरांसमोर, एप्रिलमध्ये, पत्र्याखाली. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

फेब्रुवारीत फोन तापायला लागला. म्हणजे हाताला चटका बसावा इतका. मी सगळं करून पाहिलं. कव्हर काढलं. स्क्रीनचा उजेड कमी केला. चार्जिंगला लावून काम करणं बंद केलं. नको ती ॲपं काढली, माझ्या भाचीच्या लग्नाचे फोटोसुद्धा काढून टाकले. गुजरातचा टॉवर शोधून शोधून फोन दमतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन टॉवर बांधून ठेवला. माठाखालच्या ओल्या वाळूला टेकवून ठेवला. काही उपयोग झाला नाही.

मग एका शनिवारी अर्धा दिवस मोडून मी तळासरीला गेले. नाक्यावर तुषारचं दुकान आहे. मुलगा हुशार, घरी गुजराती बोलतो, माणसाशी नीट वागतो. त्यानं फोन हातात घेतला, उलटा केला, गालाला लावला.

‘‘बेन, हा तर थंडगार आहे.’’

‘‘आत्ता आहे.’’

त्यानं फोन खोलला. बॅटरी फुगलेली नव्हती. बोर्ड साफ होता. त्यानं कसलासा गाड्यांचा खेळ अर्धा तास चालू ठेवला, समोर उन्हाच्या बाजूलाच ठेवला, आणि मी पंख्याखाली बसून बघत राहिले. फोन जरा कोमट झाला, बस. शेवटी त्यानं तो फडक्यानं पुसून माझ्या हातात दिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘‘उन्हात ठेवत असाल.’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याचा काय दोष? मी फोन पिशवीत टाकला आणि घरी आले.

दुसऱ्या आठवड्यापासून मी एक वही केली. कुणी खोटं ठरवलं की मला वही लागते, ही माझी जुनी सवय आहे. फोन कधी तापतो, किती वाजता, काय करताना, सगळं लिहायचं. तीन दिवसांत एक गोष्ट दिसली. सकाळी हजेरी घेताना फोन बरा असायचा. दहा पोरं, बारा पोरं, काही नाही. मग एखाद्या पोराचं तोंड चौकटीत आलं, हिरवी खूण झाली, की माझ्या तळहाताखाली एकदम कढत. हळूहळू नाही, एकदम, तवा पेटल्या चुलीवर ठेवला की होतो तसा. त्या दिवशी ते पोर दिपक होतं.

‘‘त्याच्या अंगात सकाळी कणकण होती,’’ काळीबाय तांदूळ निवडता निवडता म्हणाली. ‘‘त्याची आयस सांगत होती.’’

मी दिपककडे पाहिलं. तो आंब्याच्या झाडाला दगड मारत होता. दुपारी त्यानं दोनदा खिचडी मागून घेतली.

मी वहीत लिहिलं, दिपक, आणि पुढे काहीच लिहिलं नाही, कारण लिहायचं काय ते मला कळलं नाही.

औषधांच्या पेटीत एक डिजिटल थर्मामीटर असतो. पुढच्या वेळी मी तो बाहेर काढून ठेवला. लहान्या म्हणून एक पोरगा आहे, चार वर्षांचा, नाक कायम वाहतं. तो त्या दिवशी भिंतीला टेकून गप्प बसला होता. मी त्याच्या काखेत थर्मामीटर धरला. एकशे एक पॉइंट दोन. मग त्याचा चेहरा घेतला. हिरवी खूण आली. फोन हातातून टाकावासा वाटला इतका पोळला, तरी मी तो पालथा घातला आणि थर्मामीटरचं टोक फोनच्या पाठीला लावलं. चटक्यावरून आकडा कितीतरी वर जाईल असं वाटलं होतं.

एकशे एक पॉइंट दोन.

परत लहान्याच्या काखेत. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. त्याच्या कपाळावर घाम सुटला होता आणि तो खाऊ मागत होता.

थर्मामीटर बिघडला असेल म्हणून मी तो स्वतःला लावून पाहिला. साडेसत्त्याण्णव. नीट चालू होता.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला राग आला. बारावी सायन्स केलेली बाई आहे मी, कॉलेजला असताना रोज बोर्डीपर्यंत जाऊन शिकले. ज्या गोष्टीला कारण नाही तिची तक्रार कुणाकडे करायची? हेल्पलाइनवरच्या त्या मुलाला काय सांगू, सर, फोन पोरांचा ताप ओढून घेतो? तो म्हणाला असता, फोन एकदा बंद करून परत चालू करा.

काळीबायनं मात्र सगळं पाहिलं होतं. ती पाहते आणि बोलत नाही, आणि मग एकदम साऱ्या पाड्याला माहीत असतं. आठवड्याभरात आया अंगणवाडीच्या दारात उभ्या राहायला लागल्या. कडेवर पोर, पोराचं अंग भाजतंय, आणि मला म्हणतात, बाय, याचा एक फोटू काढ.

आता मला काय वाटलं असेल ते सांगा. बावीस वर्षं मी या पाड्यात एकच गोष्ट ओरडून सांगत आले. पोर तापलं की उपकेंद्रात न्या, रक्त तपासा, वाट बघू नका. कितीजणांशी भांडले त्यापायी. पावसाळ्यात ओढा ओलांडून पोरं खांद्यावर घेऊन गेले. आणि आता माझ्याच हातातला सरकारी फोन माझ्या सगळ्या कामावर पाणी ओतत होता.

एके सकाळी मी आत आले तर काळीबाय एका पोरावरून फोन ओवाळत होती. दुसऱ्या हातात मूठभर तांदूळ.

उतारा. तो आमच्याकडे सगळे करतात, माझ्या आईनंही माझा केला आहे. पोर आजारी पडलं की तांदूळ नाहीतर अंडं त्याच्या अंगावरून फिरवायचं, म्हणजे पोराचं दुखणं त्या वस्तूत येतं. मग ती वस्तू गावाच्या शिवेबाहेर नेऊन ठेवायची. मागे वळून बघायचं नाही. आणि ती कुणाच्या हातात द्यायची नाही, कारण जो ती घेईल त्याच्याकडे दुखणं जातं. रस्त्यात असं काही पडलेलं दिसलं की माणसं वळसा घालून जातात.

मी तिच्या हातातले तांदूळ हिसकावून बाहेर टाकले.

‘‘हा ऑफिसचा फोन आहे, काळीबाय. कोंबडीचं अंडं नाही. पोराला दवाखान्यात पाठव.’’

‘‘दवाखाना नको असं कोण म्हणतं?’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘गोळी पण दे, फोटू पण काढ. पण तू चुकते, बाय. उतारा कोणी घरी नेत नाय. तू रोज पिशवीत घालून नेते. उशाशी ठेवते. शिवेवर टाकून ये, नायतर तो भरत जाईल.’’

‘‘शिवेवर टाकू? आणि ऑफिसला काय सांगू? मला घरी बसवतील.’’

सांडलेले तांदूळ तिनं एकेक करून उचलले, आणि त्या दिवशीच्या खिचडीत घातले नाहीत.

एप्रिल लागला. डोंगराच्या उतारावर राब भाजायला सुरुवात झाली, पाला आणि शेण पेटवून रोपांची जागा तयार करतात तो धूर दिवसभर पाड्यावर यायचा. माझा फोन आता सारखाच गरम असायचा, बंद केला तरी. ओलं फडकं गुंडाळलं तर फडकं पाच मिनिटांत कोरडं व्हायचं. टेबलावरच्या प्लॅस्टिकवर फोनच्या आकाराचा तपकिरी चौकोन उमटला. वहीत आठ नावं झाली होती, प्रत्येकापुढे आकडा. मी ठरवलं, बस. आता तापलेल्या पोराचा चेहरा घ्यायचा नाही, गैरहजर लावायचं आणि सरळ उपकेंद्रात पाठवायचं. पंधरा दिवस मी तसंच केलं.

मग ऑफिसचा कागद आला. माझ्या अंगणवाडीची गैरहजेरी वाढली आहे, खुलासा करा. हे बघा. पोरं आजारी आहेत म्हणून नाही, त्यांना काय झालं म्हणून नाही, फोनमध्ये हिरवी खूण कमी का पडली म्हणून खुलासा. मी दोन पानी खुलासा लिहिला. त्यात फोन तापतो हेसुद्धा लिहिलं. उत्तर आलं निलम मॅडमच्या फोनवरून, एका ओळीचं. फोन उन्हात ठेवू नका.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रोशनी आली.

जिवलीची ही एकच पोर. आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून जिवली हिला जमिनीवर पाय ठेवू देत नसे. चार वर्षांची, बडबडी, माझ्या वहीत पेनानं रेघोट्या मारायला तिला फार आवडतं. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता, बाहेर नुसतं उभं राहिलं तरी डोळे दिपावेत अशा उन्हात, जिवली तिला गोधडीत गुंडाळून धावत आली. गोधडीतून दातांचा आवाज येत होता.

‘‘आये, थंडी वाजते,’’ रोशनी म्हणत होती. ‘‘आये, थंडी वाजते.’’

मी थर्मामीटर लावला. एकशे चार पॉइंट सहा.

‘‘फोटू काढ, बाय,’’ जिवली म्हणाली.

‘‘फोटो नाही. गाडी बोलावते. आत्ता दवाखान्यात.’’

‘‘बोलव गाडी. पण आधी फोटू काढ.’’

घरचा फोन विनोदनी उंबरगावला कंपनीत नेलेला. जिवलीचा नवरा तिचा फोन घेऊन वीटभट्टीवर. काळीबायकडे फोन कधीच नव्हता. मी ऑफिसचा फोन फडक्यानं उचलला आणि ॲम्ब्युलन्सचा नंबर दाबला. स्क्रीनवर पाटी आली. फोन खूप गरम झाला आहे, थंड होईपर्यंत थांबा.

मी परत दाबला. थंड होईपर्यंत थांबा.

समोर पोरीचे डोळे वर गेलेले, आणि तो मला थांबा सांगत होता. आयुष्यात मी कुठल्या वस्तूला शिवी दिलेली नाही, त्या दिवशी दिली.

तेवढ्यात पाटी गेली आणि कॅमेरा उघडला. मी तो उघडला नव्हता, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. चौकट हलत हलत गेली आणि रोशनीच्या तोंडावर थांबली.

जिवलीनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. पदर न गुंडाळता, उघड्या हातानं. तिचा तळहात भाजल्याचा वास मला आला. ती हलली नाही. रोशनीनं डोळे एकदा मिटले, एकदा उघडले.

हिरवी खूण आली.

जिवलीनं फोन खाली टाकला. गोधडीत पोरगी घामानं भिजली होती. तिनं पाणी मागितलं. मग इकडे तिकडे बघून पेन मागितलं.

मी तरीही त्यांना दवाखान्यात नेलं. रस्त्यावर येऊन उधव्याकडून येणारी एक गाडी थांबवली आणि दोघींना बसवून स्वतः बरोबर गेले. रोशनीचं रक्त तपासलं, काही निघालं नाही. नर्सनं मला विचारलं, हिला ताप होता असं कोण म्हणालं? मग तिनं जिवलीचा हात बघितला आणि त्याला मलम लावलं. रात्रीच्या स्वयंपाकाआधी मी वहीत नववी ओळ लिहिली. रोशनी, एकशे चार पॉइंट सहा.

दहा दिवसांनी तळासरी आणि डहाणू, दोन्ही तालुक्यांच्या सेविकांचं प्रशिक्षण डहाणूत लागलं. जुने फोन जमा करायचे, नवे मिळणार. बातमी ऐकून मला रडूच आलं, इतकी मी त्या फोनला विटले होते. निघताना काळीबाय ओट्यावर आडवी आली.

‘‘वाटेत शिव लागेल. तिथं ठेव नि पुढं जा. कोणाच्या हातात देऊ नको.’’

‘‘फोन दिला नाही तर नवा मिळणार नाही.’’

‘‘नको मिळू दे.’’

मी तिच्या बाजूनं निघून गेले. बसमध्ये फोन मांडीवरच्या पिशवीत होता. माझी साडी त्या जागी गरम झाली होती, शेजारची बाईसुद्धा सरकून बसली.

डहाणूला हॉलमध्ये शंभरेक बायका, चारच पंखे. टेबलावर जुने फोन एका ओळीत मांडलेले. प्रत्येकीला एक फॉर्म भरायचा होता, आणि त्यात एक रकाना, फोनची स्थिती. मी लिहिलं, अति तापतो, वापरण्यास धोकादायक. निलम मॅडमनी फॉर्म पाहिला आणि चष्मा काढला.

‘‘जयवंतीताई, असं लिहिलंत तर फोन चौकशीला जाणार. चौकशी होईपर्यंत तुम्हाला नवा नाही. आणि तापतो कुठे? द्या बघू.’’

मी पिशवीत हात घातला. फडकं सोडलं. फोन थंड होता. नुसता गार नाही, माठातल्या पाण्यासारखा थंड. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मी तो मॅडमच्या हातात दिला. त्यांनी तो गालाला लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की चारचौघींत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘‘आणि हा तुम्ही उन्हात…’’

‘‘नाही ठेवत,’’ मी म्हणाले.

मला बोलता आलं असतं. वही पिशवीतच होती. पण साडेतीनची गाडी होती, नवा फोन खोक्यात समोर दिसत होता, मागे बायकांची रांग कुरकुरत होती, आणि मी चार महिने बोलून दमले होते. मी ती ओळ खोडली. वर लिहिलं, सुस्थितीत. सही केली. कार्बनखालची प्रत घडी करून वहीत ठेवली.

परत आले तेव्हा काळीबाय अंगण झाडत होती.

‘‘कठं ठेवलास?’’

‘‘ऑफिसला दिला.’’

‘‘हातात?’’

‘‘हातातच देणार ना.’’

तिनं झाडू खाली ठेवला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी मनात म्हटलं, नाही तर नाही, मला काय.

नवा फोन चांगला होता. तापत नव्हता. पोरंही ठणठणीत होती, एकालाही कणकण नाही. गैरहजेरी शून्य. निलम मॅडमनी ग्रुपवर माझ्या अंगणवाडीच्या नावापुढे अंगठा टाकला.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी एकच्या सुमारास, मला एक फोन आला. बाई अनोळखी होती. मागे वाऱ्याचा आवाज.

‘‘जयवंतीताई ना? मी शितल. धाकटी डहाणूला सेविका आहे, खाडीजवळ. नवे पुरले नाहीत, म्हणून तुमचा जुना फोन मला दिलाय. नंबर मॅडमकडून घेतला.’’

‘‘तापतो का?’’ मी लगेच विचारलं.

‘‘छे हो. उलट इतका थंड असतो की हातात धरवत नाही. फडक्यात गुंडाळून धरते. मी म्हटलं, बरं झालं, बाकीच्यांचे तापतात.’’ मग म्हणाली, ‘‘तक्रार वेगळीच आहे. आमच्या पोराचा चेहरा घेतला की हिरवी खूण येते, पण खाली नाव भलतंच. आमच्याकडचं नाहीच. पहिल्या दिवशी दिपक आलं. मग लहान्या. तुमची पोरं का ही?’’

मी वही उघडली. फॉर्मची प्रत मांडीवर पडली.

‘‘शितल, ज्या पोरांचे चेहरे घेतलेस ती कशी आहेत?’’



‘‘तापली आहेत, ताई. सगळी. दोन दवाखान्यात आहेत. साथ आली म्हणतात, पण बाकी गावात कुणालाच नाही.’’

‘‘लहान्या नाव आलं, त्या पोराला किती ताप होता?’’

‘‘थांबा हां, लिहिलंय मी. एकशे एक पॉइंट दोन.’’

माझं बोट वहीतल्या त्याच आकड्यावर होतं.

‘‘ऑफिसला सांगितलंस?’’

‘‘सांगितलं की. मॅडम म्हणाल्या, फोन सुस्थितीत आहे असं लिहून दिलंय. तुमची सही दाखवली मला.’’

‘‘किती पोरं झाली आतापर्यंत?’’

‘‘आठ.’’

वहीत नऊ ओळी होत्या. ओट्यावर रोशनी बसली होती, समोर ताटलीत खिचडी, ती फुंकर घालून खात होती.

‘‘शितल, नीट ऐक. आता एकाही पोराचा चेहरा घेऊ नको. तो फोन कुणाच्या हातात देऊ नको. तशीच उठ आणि खाडीत टाकून ये.’’

‘‘खाडीत?’’ ती हसली. ‘‘ताई, ऑफिसचा फोन आहे. मला घरी बसवतील.’’

मी उठून उभी राहिले.

‘‘थांबा, आत्ताच घेऊन सांगते कसं होतं ते,’’ ती म्हणाली. ‘‘माझीच मुलगी समोर बसलीय. आणि हे बघा, तुमचा फोन तिच्यासमोर ठेवलाय, मी हातही लावला नाही, कॅमेरा आपोआप उघडला.’’

‘‘नको. शितल, तो पालथा घाल. पालथा घाल म्हणते.’’

‘‘झालं. हिरवी खूण आली.’’

रोशनीनं ताटली पुढे सरकवली आणि काळीबायकडे अजून खिचडी मागितली. काळीबाय माझ्याकडे बघत होती.

‘‘नाव आलं बघा, ताई,’’ शितल म्हणाली. ‘‘रोशनी. कोण हो ही?’’

मी उत्तर देणार होते. पण त्याआधी फोनमधून, शितलच्या मागून, एका लहान मुलीचा आवाज आला. दुपारचा एक वाजला होता, मे महिना होता, आमच्या पत्र्याखाली कुणाला बसवत नव्हतं.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘मला थंडी वाजते.’’